विचारा गॅरेजला : जुनी स्पोर्ट्स कार आणि तिचा वर्षाचा खर्च

या वेळी आलेल्या पत्रांत स्पोर्ट्स कारबद्दलची पत्रं इतकी आहेत, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवतो आहे. पुण्यात गॅरेज चालवताना या गाड्या मी लिफ्टवर बऱ्याच बघितल्या. त्या विकत घेणारे हौशी असतात, मनापासून जपणारे असतात. त्यांतले काही दोन वर्षांत नाराज होऊन गाडी विकून टाकतात. बहुतेक वेळा त्यात गाडीचा दोष नसतो; खर्चाचा अंदाज आधी कुणी नीट दिलेला नसतो. म्हणून कोल्हापूरच्या पत्राला आज जास्त जागा देतो.

प्रश्न : काका, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. मुंबईला जाऊन दोन पोर्शे बॉक्सस्टर बघून आलो. एक २००७ची, मॅन्युअल, ३.४ लिटरची ‘एस’. दुसरी २०१०ची, पीडीके म्हणजे पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. २००७ची गाडी चार लाखांनी स्वस्त आहे आणि चाललीही कमी आहे. नव्या एसयूव्हीच्या पैशात पोर्शे येते आहे. पण घरून प्रश्न आला, ‘घेतल्यावर वर्षाला किती लागणार?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. शिवाय आयएमएस बेअरिंगबद्दल, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगबद्दल, वाचलं तेव्हापासून धाकधूक आहे. आणखी एक, किरकोळ पार्ट आपल्या उद्यमनगरात बनवून घेतले तर चालतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

घरून आलेला प्रश्न अगदी बरोबर आहे, तेव्हा आधी त्याचं उत्तर. वर्षाला अडीच ते तीन लाख रुपये बाजूला काढायची तयारी असेल तर गाडी घ्या. दरवर्षी एवढे लागतीलच असं नाही. एखादं वर्ष लाखाच्या आत निघेल. त्याच्या पुढच्या वर्षी टायर आणि रेडिएटर एकदम आले, की आदल्या वर्षी वाचलेले पैसे तिथे जातील. म्हणून हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि धंद्याच्या खात्याशी त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

एवढा आकडा का, ते सांगतो. पंधरा वर्षांत गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तुम्ही गाडी एसयूव्हीच्या भावात घेणार, पण डिस्क, शॉकॲब्सॉर्बर, हेडलाइट हे सगळं पोर्शेच्या भावातच मिळणार. विकणारा माणूस बहुतेक वेळा अशाच एखाद्या मोठ्या बिलाच्या अलीकडे उभा असतो. तेव्हा आतापर्यंत काय केलं हे तर विचाराच, पण काय करायचं राहिलंय हे त्याहून जास्त विचारा.

ॲव्हरेज किती, हे सगळे आधी विचारतात. त्याची काळजी करू नका. वर्षाला पाच हजार किलोमीटर धरा, लिटरला आठ धरा. सव्वासहाशे लिटर पेट्रोल झालं. पंचाण्णव ऑक्टेनचं टाकलं तरी सत्तर हजारांच्या आसपास. या गाडीच्या खर्चात पेट्रोल हा लहान भाऊ.

ऑइल साडेसात-आठ लिटर लागतं; लहान हॅचबॅकला तीन-साडेतीन पुरतं. डब्यावर पोर्शेची ‘ए-४०’ मान्यता छापलेली असावी. बहुतेक करून ते ०डब्ल्यू-४० सिंथेटिक असतं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो. स्पार्क प्लग सहा. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात बसवलेलं असल्यामुळे बॉनेट उघडून हात घालावा असं तिथे काही नाही. गाडी लिफ्टवर घ्यायची, मागची चाकं काढायची आणि बाजूने आत शिरायचं. मजुरी जास्त का, तर यासाठी. मेकॅनिक लुबाडतोय असा संशय घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी उभं राहून काम बघा. प्लग काढलेच आहेत तर इग्निशन कॉइलही तपासून घ्या. त्यांचं प्लास्टिक तडकतं आणि पावसाळ्यात गाडी मिसफायर करते.

टायर पुढे-मागे वेगळ्या मापाचे असतात. अठरा इंची चाकं असतील तर पुढे २३५/४०, मागे २६५/४०. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे करून आयुष्य वाढवायची सोय नाही. मागचे लवकर झिजतात. चार टायरचा चांगला संच लाखाच्या घरात जातो. गाडी बघाल तेव्हा टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला कोरे आणि वयाने आठ वर्षांचे, असं हमखास सापडतं. तसे असतील तर टायरचे पैसे किमतीतून वळते करून मागा.

आता आयएमएस. या इंजिनांत क्रँकवरून कॅमकडे जाणाऱ्या चेन एका मधल्या शाफ्टवरून फिरतात. त्या शाफ्टच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. ते गेलं की टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. इंजिन वाचत नाही. पण सगळ्या वर्षांच्या गाड्यांना एकाच मापाने मोजू नका. २००६पासून बेअरिंग मोठं केलं आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. अडचण एवढीच, की ते मोठं बेअरिंग इंजिनचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेर येत नाही. २००९च्या मॉडेलपासून इंजिनच नवीन आलं आणि त्यात हा मधला शाफ्ट नाहीच. २०१०च्या गाडीला तुमची धाकधूक लागू होत नाही.

माझं मत विचाराल तर २०१०ची घ्या. चार लाख जास्त देऊन तुम्ही एक मोठी चिंता कायमची घालवता. मॅन्युअलवर जीव असेल आणि २००७चीच घ्यायची असेल, तर सौदा करण्याआधी दोन कामं समोर करून घ्या. ऑइल फिल्टर काढून कापायला लावा, कागदाच्या घड्या उलगडून चकाकणारा चुरा आहे का बघा, वर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर ते पोलाद आहे, गाडी सोडून द्या. दुसरं काम म्हणजे बोअरस्कोप, सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा. ३.४ लिटरच्या त्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला उभे ओरखडे पडण्याची तक्रार आहे. थंड इंजिनात टकटक आवाज, ही त्याची खूण. कॅमेरा आत घातल्याशिवाय खात्री होत नाही. तुम्ही रोज बोअर बघणारे लोक, तुम्हाला फोटो दाखवला की कळेल.

दोन्ही गाड्यांच्या कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हची नोंद काढता येते. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा गेलं, हे त्यात टप्प्याटप्प्याने लिहिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये चुकून खालचा गिअर पडला की वरचे टप्पे भरतात. पीडीकेमध्ये ती चूक होत नाही, पण तिथे गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं याची पावती मागा. बदललेलंच नसेल तर पहिल्याच महिन्यात बदला, कारण तो गिअरबॉक्स बिघडला तर त्या वर्षीचं तुमचं खातं एका फटक्यात रिकामं होईल.

कागदांकडे वळू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आयात गाडी म्हणून नोंद असेल तर या नूतनीकरणाची फी ४०,००० रुपये आहे, आणि वीस वर्षं उलटल्यावर ८०,०००. २०१०च्या गाडीचं नूतनीकरण झालंय का, ते आधी आरसीवर बघा. झालं नसेल तर ते काम आणि खर्च विकणाऱ्याकडे ठेवा. २००७ची गाडी २०२७मध्ये वीस वर्षांची होईल. चार लाखांच्या स्वस्ताईतून हेही वजा करा. पर्यावरण कर आणखी वेगळा. आणि कुणी दिल्लीची याहून स्वस्त गाडी दाखवली तर भुलू नका. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचं सावट आहे, म्हणून भाव पडलेले असतात. इथे आणून महाराष्ट्राचा कर भरायला गेलात की आयात गाडीचा दर २० टक्के आहे, वयाप्रमाणे किंमत कमी धरली तरी.

विम्याचं नीट वाचा, कारण इथे लोक दहा हजार वाचवायला जाऊन लाखांत येतात. १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये, तो सगळ्यांना सारखा. खरा मुद्दा आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा. पाच वर्षांनंतर ही किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. हप्ता कमी यावा म्हणून ती खाली ओढली जाते. नियम असा आहे, की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस. समजा आयडीव्ही बारा लाख धरली. पुढून एक मध्यम धडक बसली, दोन हेडलाइट, बंपर, दोन्ही रेडिएटर, एअरबॅग. पोर्शेच्या भावाने नऊ लाख व्हायला वेळ लागत नाही, आणि दुरुस्त होण्यासारखी गाडी तुमच्या हातातून जाते. आयडीव्ही बाजारभावाला धरूनच ठेवा. शिवाय झीरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर निम्मे पैसे तुमचे. या गाडीच्या तोंडावर प्लास्टिकच प्लास्टिक आहे.

तुमच्या भागासाठी दोन खास गोष्टी. रेडिएटर पुढच्या बंपरमध्ये, दोन बाजूंना, अगदी खाली असतात आणि समोरची तोंडं उघडी. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावरचं पाचट आणि माती थेट तिथे जाऊन बसते. ओल धरते, ॲल्युमिनियमच्या पात्या कुजतात, त्यांच्यापुढचा एसीचा कंडेन्सरही जातो. कारखाने बंद झाले, की बंपर उतरवून दोन्ही बाजू साफ करून घ्या, पाण्याचा जोर कमी ठेवून. आणि मृगाच्या आधी कापडी टपाच्या दोन्ही बाजूंची पाण्याची भोकं मोकळी करा. ती तुंबली की पाणी गालिच्याखाली साठतं. २००४पर्यंतच्या बॉक्सस्टरमध्ये तर इमोबिलायझरचं मॉड्यूल सीटखालीच असतं. पाणी शिरलं की गाडी चावीच ओळखत नाही. गाडी बघताना सीट मागे सारून गालिचा हाताने दाबून बघा.

उद्यमनगराबद्दल. तिथल्या कारागिरांचं काम मी बघितलं आहे आणि मला त्याचा फार आदर आहे. एक्झॉस्टचे ब्रॅकेट, गंजलेले स्टड, क्लॅम्प, खालच्या पत्र्याचे स्पेसर, हे खुशाल बनवा. चांगल्या स्टेनलेसमध्ये बनवलेत तर कंपनीच्यापेक्षा जास्त टिकतील. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे बॉल जॉइंट आणि इंजिनच्या आत फिरणारं काहीही बनवू नका. तुम्ही माप मायक्रॉनमध्ये जुळवाल, पण त्या धातूवर कोणती उष्णताप्रक्रिया झाली ते मापातून दिसत नाही. पैसे वाचवायचे असतील तर रस्ता वेगळा आहे. पोर्शे बरेच पार्ट बॉश, माहले, सॅक्स यांच्याकडून घेते. तेच पार्ट त्यांच्या स्वतःच्या डब्यात मिळतात, स्वस्त मिळतात. पार्ट नंबर जुळवून मागवा.

गाडी बंद पडली तर फक्त फ्लॅटबेडवर, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवर, चढवा. मागची चाकं रस्त्यावर ठेवून पीडीके गाडी ओढली तर आणखी एक बिल तयार होईल. कोल्हापूर ते पुणे फ्लॅटबेडचा खर्चही तुमच्या तीन लाखांत धरा.

प्रश्न : माझी गाडी वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर चालते, तीही रविवारी सकाळी गंगापूर रोडला. तरी वर्कशॉप दरवर्षी ऑइल बदला म्हणतं. हा माझ्या अज्ञानाचा फायदा घेणं आहे का? दिवाळीत परत आलो तर बॅटरी मेलेली, आणि बॅटरी ज्या पुढच्या डिकीत आहे ती डिकीच उघडेना. गाडी पोर्शे केमन, २०११.
– एक वाचक, नाशिक

वर्कशॉपचं बरोबर आहे. ऑइल किलोमीटरने खराब होतं तसं उभं राहूनही होतं. छोट्या फेरीत इंजिन पुरेसं तापत नाही, जळणातून आलेली वाफ ऑइलमध्ये उतरते आणि आम्ल तयार होतं. ते वर्षभर बेअरिंगला लागून बसतं. माझा अनुभव सांगतो, माझ्याकडे येणाऱ्या या गाड्यांत सगळ्यांत मोठी बिलं कमी चाललेल्या गाड्यांची होतात. सील सुकतात, टायरला एका जागी चपटेपणा येतो, उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि आताचं इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिन्यातून दोनदा तरी अर्धा-पाऊण तास हायवेला न्या. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊन तिथे दहा-पंधरा मिनिटं राहिला पाहिजे. जागच्या जागी पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट.

पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक लावू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा. या गाडीच्या हँडब्रेकचे लायनर मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये असतात आणि ओलीत चिकटून बसतात. बॅटरीसाठी मेन्टेनर घ्या, म्हणजे सतत लावून ठेवता येतो तो चार्जर. बॅटरीच्या किमतीच्या निम्म्यात येतो.

डिकीचं आता लिहून ठेवा. तिचं कुलूप विजेवर उघडतं, म्हणून बॅटरी मेली की डिकी बंद. चावीने दार उघडा. डाव्या बाजूच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल टोपीची एक पट्टी बाहेर ओढता येते. दुसऱ्या चालू बॅटरीची लाल वायर तिला लावा, काळी वायर दाराच्या लॉकच्या धातूच्या खुंटीला लावा. अलार्म वाजेल, घाबरू नका, चावीचं बटण दाबून बंद करा आणि डिकी उघडा. या वायरीवर गाडी चालू करायचा प्रयत्न मात्र करू नका. ती पट्टी तेवढ्या करंटसाठी नाही. डिकी उघडल्यावर बॅटरीलाच थेट जोडा.

प्रश्न : काका, मी २६ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी. बीएमडब्ल्यू झेड-४, २०१०, बजेटमध्ये बसते आहे. पर्सनल लोन घेऊन घेऊ का? रोज ऑफिसलाही तीच नेईन.
– एक वाचक, पुणे

या वर्षी घेऊ नकोस. गाडी वाईट नाही, लांबलचक बॉनेटच्या मागे बसून घाट चढण्याचं सुख खरंच मोठं आहे आणि तुला ते मिळावं असं मला वाटतं. पण पर्सनल लोनचा हप्ता चालू असताना या गाडीचं एखादं काम निघालं, तर तू ते पुढे ढकलशील. आणि या गाड्यांत पुढे ढकललेलं काम दुप्पट होऊन येतं. त्या झेड-४चा टप पत्र्याचा, मोटर आणि हायड्रॉलिकवर दुमडणारा आहे. टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, महाग आणि कडक. ट्विन-टर्बो ‘३५आय’ असेल तर तिच्या हाय प्रेशर फ्युएल पंपाची जगभर तक्रार होती. हिंजवडीच्या रोजच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तू या सगळ्याला तापवत बसणार.

एक कर. ज्या हप्त्याचा हिशेब केला आहेस तेवढी रक्कम पुढची दोन वर्षं दर महिन्याला बाजूला टाक. जमलं, तर निम्मी गाडी रोखीत झाली आणि तुला परवडते हेही सिद्ध झालं. तोवर ऑफिससाठी साधी गाडी ठेव. झेड-४ घेतल्यावरही ती साधी गाडी विकू नकोस, कारण पार्ट जर्मनीहून येईपर्यंत ऑफिसला जायला काहीतरी लागेल.

प्रश्न : आमच्याकडे बाबांनी घेतलेली २००२ची सॅन स्टॉर्म आहे, आपल्या गोव्यातच बनलेली. बॉडीला बारीक तडे गेले आहेत. इथला डेंटर पुट्टी मारून रंग देतो म्हणतो. खर्च करण्यासारखी आहे का ही गाडी?
– एक वाचक, मडगाव

आहे. पत्र वाचून मला फार आनंद झाला. दोन सीटची, उघड्या टपाची गाडी आपल्याकडे बनली हेच किती जणांना माहीत नाही. तिच्या खर्चाचं गणित पोर्शेच्या उलट आहे. इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं साधं आहे, ऑइल-प्लगचा खर्च हॅचबॅकएवढाच. खर्च होतो तो पार्ट शोधण्याचा.

डेंटरला हात लावू देऊ नका. बॉडी फायबरग्लासची आहे. वरून पुट्टी भरली तर पुढच्या उन्हाळ्यात तडा त्याच रेषेत परत येईल. तुमच्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे जा. तडा आतल्या बाजूने उतरता घासायचा, त्यावर काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिनचे थर द्यायचे, मग वरून जेलकोट. पावसाळ्यात हे काम नको, ओल्या हवेत रेझिन नीट धरत नाही. नोव्हेंबरनंतर करा. विम्यात फायबरग्लासच्या पार्टवर ३० टक्के घसारा कापतात, तेही लक्षात ठेवा.

त्याआधी मात्र गाडी उचलून खालची लोखंडी चासी बघा. फायबर गंजत नाही म्हणून वरून गाडी चांगली दिसते, आणि समुद्राच्या हवेने आतलं लोखंड खाल्लेलं असतं. सस्पेन्शन जिथे बसतं तिथे हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐका. खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज आला तर रंगाचे पैसे आधी तिथे घाला. पेट्रोलचे रबरी पाइप मूळचे असतील तर सगळे बदला, इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. भारतात बनलेली गाडी असल्यामुळे वीस वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी तुम्हाला १०,००० रुपये आहे, आयात गाडीसारखी ८०,००० नाही.

टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे कुणालाच आठवत नसेल, तर गाडी चालवणं आजच थांबवा. याच कुळातलं इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओला होतं, त्यामुळे बेल्ट आणि टेन्शनर बाहेरून मागवता येतात. जुन्या बेल्टवरचा नंबर आणि इंजिनवरच्या पट्टीचा फोटो अंकाच्या पत्त्यावर पाठवा, कोणता बेल्ट मागवायचा ते मी कळवतो.